फळीवरचा दगड

ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. त्यांतल्या कशानेही माझी झोप उडाली नाही. पण गुन्हा उघड झाला आहे, आरोपी समोर बसला आहे, आणि काय बोलावं हेच ठाणेदाराला सुचत नाही, असं एकदाच झालं. वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही हकिगत. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच नाही. ती सगळी हयात आहेत आणि रोज एकमेकांना बाजारात भेटतात.

आधी नाला सांगतो, कारण सगळं त्याच्यापासून सुरू होतं. गावाचं सांडपाणी घेऊन तो बसस्थानकाच्या मागून बाहेर पडायचा. पावसाळा सोडला तर त्यात गावाने वापरून टाकलेल्या पाण्याशिवाय थेंब नसे. हे पाणी शुद्ध करण्याचं केंद्र उभारायचं नगर परिषदेच्या मनात होतं, पण तिजोरीत खडखडाट. म्हणून भागीदारीची योजना आली. जागा आणि नाला नगर परिषदेचा, पैसा आणि यंत्रं एका खाजगी कंपनीची. कंपनीने ठरलेली वर्षं केंद्र चालवायचं, शुद्ध पाणी औद्योगिक वसाहतीला विकून आपला खर्च काढायचा, आणि मुदत संपली की सगळं नगर परिषदेच्या हवाली करून निघून जायचं. अशा कामाला सार्वजनिक-खाजगी भागीदारी म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं. आमच्या जमादाराला मी ते समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे बटईनं शेत देल्यासारखं झालं नं साहेब." मी म्हटलं, तसंच काहीसं.

बटईचा, म्हणजे वाट्याने शेत कसायला देण्याचा, करार चुकला तर मालक बुडतो. इथेही तीच भीती होती. म्हणून नगराध्यक्षा आणि नगरसेवकांना या व्यवहारातल्या खाचाखोचा शिकवायला पुण्याहून एक सल्लागार आला होता. तिशीतला, हडकुळा, डोक्यावर कायम कापडी टोपी. कंपनीला काय द्यायचं, आपल्या हातात काय ठेवायचं, ती मध्येच सोडून गेली तर काय, हे तो न कंटाळता सांगायचा. बहुतेक नगरसेवक चहा येईपर्यंत ऐकायचे. नगराध्यक्षा मात्र शेवटपर्यंत बसायच्या.

त्या पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. मळेवाल्यांच्या घरच्या. गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे भाजीचे मळे होते, त्यांतला एक त्यांचा. सगळा गाव त्यांना ताई म्हणे, मीही म्हणत असे. शिक्षण बेताचं, पण प्रश्न असा विचारायच्या की समोरच्याने पाणी मागावं. सल्लागार त्यांच्याकडे अधूनमधून जेवायला जायचा. "सर, पोटाले घालून काम करा," असं त्या त्याला सगळ्यांदेखत दटावायच्या.

योजनेवर लोकांची सभा ठेवली होती. गडबड होईल अशी खबर असल्यामुळे मी स्वतः बंदोबस्ताला होतो. सल्लागार उभा राहिला आणि म्हणाला, "भागीदारी करण्याआधी एकच गोष्ट विचारायची असते. या पाण्यावर आज कोण जगतंय? तो माणूस करारात नसला, तर करार कितीही चांगला लिहा, टिकत नाही. आमच्या मोजणीत रोज सकाळी नाल्याचं पाणी अचानक कमी होतं. ते जातं कुठे? हे पाणी कोण वापरतं?"

सगळे ताईंकडे बघू लागले. मग ताईच हसून म्हणाल्या, "सर, नालीचं पानी हाये. कोन वापरीन?" त्याबरोबर सगळं सभागृह हसलं. मीही हसलो.

हसला नाही तो विरोधी गटाचा एक नगरसेवक. बाह्या सरसावत तो उठला. "गावाचं पानी कंपनीले इकून राह्यले तुमी. कंपनीचा एक मानूस नाल्यावर दिसू द्या, एकेकाले त्याच नालीत लोटतो." मी जागेवरून उठलो, तेव्हा तो बसला. त्याचं हे वाक्य सगळ्या गावाने ऐकलं आणि तेच पुढे त्याला भोवलं.

करारावर सह्या व्हायच्या आदल्या दिवसाची ती सकाळ. ठाण्यात हजेरी चालू होती. रात्रपाळीवाले डोळे चोळत डायरी लिहीत होते, आणि कंपनीच्या सुपरवायझरचा फोन आला. सल्लागार नाल्याकाठच्या खड्ड्यात बुडाला होता. बाहेर काढला तेव्हा श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. आम्ही पोहोचेपर्यंत त्याला गाडीत घालून अकोल्याला पाठवलं होतं. त्याची कापडी टोपी चिखलात पडली होती. आमच्या शिपायाने ती उचलून झुडपावर ठेवली, तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो, की मुद्देमालाला हात लावू नको. खरं तर ती टोपी मलाच बघवत नव्हती.

जागा सांगायला हवी. नाल्यावर एक जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या मधोमध एक तोंड, आणि त्या तोंडात सागाची जाड फळी सरकवलेली. फळी खाली असली की पाणी मागे साठून बाजूने नाल्यातच उतरतं, वर उचलली की धो धो पुढे वळणाकडे जातं. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला वळणावर कंपनीने तपासणीसाठी पुरुषभर खोल खड्डा खणून त्यात पाइप बसवला होता. खड्ड्यातून पाणी पुढे जुन्या पाटाला लागत असे. मधल्या बाभळींमुळे बंधाऱ्यावरून खड्डा दिसत नाही. शेजारी डिझेलचं इंजिन चालू होतं, त्यामुळे हाक मारली तरी ऐकू जाणार नाही.

सुपरवायझर खड्ड्याकडे पाठ करून सांगू लागला. "सकाळचं पाणी कुठं जातं ते स्वतः बघायचं म्हणून सर लवकर आले. फळी लावलेली होती, खड्डा कोरडा होता. मी स्वतः बघूनच त्यांना खाली उतरू दिलं. मी जरा बाजूला गेलो होतो. परत येतो तर खड्डा भरलेला, शिडी आडवी, आणि सर..."

बंधाऱ्यावर फळी जागेवर नव्हती. काठावर व्यवस्थित आडवी ठेवलेली होती, आणि तिच्यावर एक दगड. फळी आपोआप उठून काठावर येऊन निजत नाही. म्हणजे माणूस खाली असताना कोणीतरी ती हाताने उचलली होती. मी सुपरवायझरची फिर्याद घेतली आणि खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला. तपासातली एखादी गोष्ट आम्ही मुद्दाम गुलदस्त्यात ठेवतो, जी खऱ्या आरोपीलाच माहीत असते. या वेळी ती गोष्ट होती फळी. सुपरवायझरला आणि पंचांना मी तंबी दिली, फळीबद्दल कुठे बोलायचं नाही. गावात बातमी फुटली ती एवढीच, की कोणीतरी सल्लागाराला खड्ड्यात लोटलं.

दुपारी ताई ठाण्यात आल्या. डोळे सुजलेले. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, त्या पोराची माय पुन्याहून निंघाली हाये. तिले मी काय तोंड दाखवू? ज्यानं हे केलं त्याले सोडू नका. तो माह्या पार्टीचा असो का कोनाचा असो."

मी शब्द दिला. रीतसर त्यांचंही बयान घेतलं. सकाळी कुठे होता, असं विचारलं तेव्हा त्या क्षणभर अडखळल्या. "घरीच. देवपूजा करत होती," म्हणाल्या. मी ते लिहून घेतलं. नगराध्यक्षेच्या देवपूजेवर कोण शंका घेणार?

संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर खबर आली. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "त्या नगरसेवकाची मोटरसायकल सकाळी नाल्याच्या रस्त्याले उभी होती. म्या माह्या डोयानं पाह्यली." सभेतली धमकी सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती. मोटरसायकल पाहणारा आणखी एक दूधवाला निघाला. आम्ही नगरसेवकाला उचललं.

चौकशीचा माझा एक आडाखा होता. खोटं बोलणारा माणूस भरभरून बोलतो, न विचारलेलंही सांगतो. हा गडी उलटा. सभेत माइक सोडत नसे, आणि माझ्यासमोर तोंडात मिठाची गुळणी.

"तिथे होतास की नाही?"

"होतो."

"कशाला?"

गप्प.

"त्याला लोटलंस?"

"नाई लोटलं."

"मग कशाला गेला होतास?"

पुन्हा गप्प. कोर्टाने पोलीस कोठडी दिली. बाहेर त्याच्या घरावर लोकांनी शेण फेकलं. अकोल्याच्या डॉक्टरांचा फोन आला की मी आधी उभा राहायचो आणि मग घ्यायचो. तो पोरगा गेला असता तर गुन्ह्याचं कलम बदलून खुनाचं होणार होतं, आणि कोठडीत बसलेल्या माणसाच्या पुढची सगळी वर्षं त्यात जाणार होती. त्यालाही ते ठाऊक होतं. तरी तो बोलत नव्हता.

मला मात्र तो दगड सोडत नव्हता. घटनास्थळाचे फोटो टेबलावर मांडून मी जमादाराला विचारलं, "खून करायला आलेला माणूस फळी उचलून काठावर नीट ठेवतो, वर दगडही ठेवतो. कशाला?"

"वाऱ्यानं उडू नये म्हनून ठेवला असन."

"सागाची ती फळी उचलताना आपले दोन शिपाई घामाघूम झाले. वारा उडवणार आहे तिला?"

जमादाराने फोटो पुन्हा उचलून पाहिला. मारेकऱ्याने फळी पाण्यात भिरकावली असती नाहीतर तिथेच टाकून पळाला असता. दगड ठेवणाऱ्याला घाई नव्हती. आपण काही वाईट करतोय असं त्याच्या मनातही नव्हतं. एवढं माझ्या लक्षात आलं, पुढचं येईना.

मी सुपरवायझरला परत बोलावलं. "जरा बाजूला गेलो होतो" या वाक्यात मला पहिल्यापासून पाणी मुरताना दिसत होतं. त्याचा मोबाइल मागितला. त्या सकाळी त्याला आलेला फोन नगरसेवकाचा होता. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तेवढ्यावर त्याने सगळं सांगून टाकलं.

नगरसेवकाचे ट्रॅक्टर होते. केंद्राच्या खोदकामाची माती वाहायचं काम आपल्यालाच मिळावं, म्हणून तो सुपरवायझरला रस्त्यावर भेटायला आला होता. सभेत कंपनीला नालीत लोटणार, आणि सकाळी कंपनीच्याच दारात ट्रॅक्टर लावणार. दोघं रस्त्यावर बोलत उभे असताना इकडे खड्डा भरला. सुपरवायझर गप्प राहिला, कारण खाली माणूस उतरवून त्याने जागा सोडली होती. नगरसेवक गप्प राहिला, कारण खरं सांगितलं तर गावात त्याचं राजकारण संपलं असतं. खुनाचा आळ चालेल, पण ढोंग उघडं पडायला नको. मी कपाळावर हात मारला.

म्हणजे दोघंही एकमेकांचे साक्षीदार होते आणि फळी तिसऱ्याच कोणी उचलली होती.

मी जमादाराला घेऊन पुन्हा बंधाऱ्यावर गेलो आणि पाटाच्या कडेने चालत सुटलो. घटना घडल्यापासून आम्ही ती जागा बंद केली होती, त्यामुळे पाट कोरडा होता. पुढे मळे लागले. पालक, कोथिंबीर, वांगी, मेथी. ऊन कडक. एकामागून एक वाफे मान टाकून बसलेले, जमिनीला भेगा. एकाच मळ्यातली मेथी तजेलदार होती. वाफ्यात बोट घातलं तर खाली ओल लागली. म्हणजे पाट बंद व्हायच्या आधी शेवटचं पाणी याच मळ्याला मिळालं होतं.

शेजारच्या मळ्यात एक बाई निंदत होती. ओळखीची निघाली. आमच्या पोलीस क्वार्टर्सच्या दारावर रोज भाजी घेऊन येणारी मावशी. "बोरच्या पान्याची मेथी, बोरच्या पान्याची," अशी तिची आरोळी घरोघर ठाऊक. माझी बायको तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून पालेभाजी घेत नसे.

"मावशी, हा बाजूचा मळा कोणाचा?"

"मले काय मालूम."

जिथे वीतभर धुऱ्यासाठी लोक कोर्टाची पायरी चढतात, तिथे शेजारचा मळा कोणाचा हे ठाऊक नसलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. मी चारी बाजूंना नजर फिरवली. विजेचा खांब नाही, मोटर नाही, पाइप नाही.

"बरं, बोर कुठाय?"

तिच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं.

"मावशी, तुझी बोर दाखव. रोज जिच्या पाण्याची मेथी मी खातो, ती."

तिने पदर तोंडाला लावला. बोर कधी नव्हतीच. हे सगळे मळे नाल्याच्या पाण्यावर पोसलेले. तिच्या सासऱ्याच्या काळापासून. बाजारात आपली भाजी कोणी घेणार नाही म्हणून साऱ्या मळेवाल्यांनी बोरची आरोळी धरली आणि नाल्याबद्दल तोंड मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सल्लागाराने सभेत विचारलेला प्रश्न त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या काळजात गेला होता, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून हसला होता.

"आमची पाळी असते साहेब," मावशी हळूहळू बोलू लागली. "आज याची, उद्या त्याची. सकाळी जायचं, फळी उचलायची, काठावर ठेवून वर दगड ठेवायचा. दगड असला म्हंजे पाळी सुरू हाये, दुसऱ्यानं हात लावायचा नाई. पानी भरून झालं का दगड काढून फळी पुन्हा लावायची. पाळी चुकली तं मळा वाळते. घरात मयत असली तरी पाळी चुकवत नाई आमी."

"त्या दिवशी पाळी कोणाची होती?"

तिने त्या हिरव्यागार मेथीकडे पाहिलं आणि रडायला लागली.

"साहेब, तुमी नका विचारू. त्या तं त्याच्यासाठी उपास करून राह्यल्या."

सल्लागारासाठी उपास कोणी धरला आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी जमादाराकडे पाहिलं, जमादाराने माझ्याकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, बयान तिच्या घरी जाऊन घ्यायचं, सोबत महिला शिपाई हवी. तसंच केलं. ताई अंगणात बसल्या होत्या. उपासाने चेहरा उतरलेला. मला पाहून लगबगीने उठल्या. "काही समजलं काय साहेब? तो बोलला काय?"

मला वाटलं होतं, त्या नाकारतील, रडतील, वकील बोलावतील. घरी देवपूजा करत होते असं खोटं बयान त्यांनी दिलं होतं. त्यांचा स्वार्थ होता, पाण्याची चोरी उघडी पडणार होती, दुसऱ्या दिवशी करार होता. कागदावर सगळा हेतू तयार होता. तसं मनाशी जुळवूनच मी गेलो होतो.

"ताई, त्या सकाळी बंधाऱ्याची फळी कोणी उचलली?"

"फळी?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "पाळीची फळी? ते तं माही पाळी होती..." आणि वाक्य तिथेच तुटलं.

मी आयुष्यात माणसांना मरताना पाहिलं आहे, पण जिवंत माणसाचा चेहरा असा विझताना कधी पाहिला नाही.

"त्याले लोटलं नं?" त्या मलाच विचारत होत्या. "गावात तं म्हनून राह्यले, का त्याले लोटलं."

"कोणी लोटलं नाही. तो खड्ड्यात उतरला होता. फळी उचलली आणि पाणी आलं."

मला बोलता येत नव्हतं. फळीची गोष्ट मी तपासासाठी दाबून ठेवली होती. ती गावात फुटली असती तर या बाईला पहिल्याच दिवशी समजलं असतं, आणि मला खात्री आहे, त्या आपल्या पायांनी ठाण्यात आल्या असत्या. पाळीची फळी उचलणं हे त्यांच्या लेखी काही करणंच नव्हतं. सकाळी दार उघडावं तसं ते. इंजिनाच्या आवाजात त्यांना काही ऐकू आलं नाही. मळ्याला पाणी दिलं, घरी येऊन आंघोळ केली, नेसूचं बदललं, आणि बातमी कळताच ज्याने हे केलं त्याला सोडू नका म्हणून माझ्याकडे धावत आल्या.

"मग घरी होते असं का सांगितलंत?" मी शेवटी विचारलं.

"काय सांगू साहेब? नगराध्यक्ष नालीच्या पान्यावर मेथी पिकवते, सांगू? माही एकटीची असती तं सांगतलं असतं. साऱ्याईचे मळे हायेत. उद्यापासून कोन घेईन आमची भाजी?" मग एकदम माझ्याकडे वळल्या. "त्यानं सभेत मलेच इचारलं होतं. माह्याकडं पाहून इचारलं होतं, हे पानी कोन वापरते. मी हासली साहेब. मी हासली नसती तं तो खड्ड्यात उतरला असता काय?"

मी वही मिटली आणि महिला शिपायाला त्यांच्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

नगरसेवकाला सोडण्याचा अहवाल मी त्याच दिवशी कोर्टात पाठवला. खुनाच्या प्रयत्नाचं कलम काढून निष्काळजीपणाचं लावलं, त्यात ताईंसोबत सुपरवायझरही आला. ताईंना कायद्याप्रमाणे अटक करून जामिनावर सोडलं. नगरसेवक सुटताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, ते ट्रॅक्टरचं तेवढं कोनाले सांगू नका." मी म्हटलं, बाबा, घराचं शेण धू आधी.

दोन दिवसांनी अकोल्याहून निरोप आला. तो शुद्धीवर आला होता. जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेऊन मी आत गेलो. ताई माझ्या आधीच पोहोचल्या होत्या, पण दाराबाहेर उभ्या. आत त्याची आई होती, आणि तिच्यासमोर जायचं धाडस त्यांना होत नव्हतं. मीच त्यांना आत नेलं.

पोराचं डोकं बांधलेलं, पाय प्लॅस्टरमध्ये. मी नाव-गाव विचारण्याआधीच तो ताईंकडे बघून हसला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. आवाज फुटत नव्हता, तरी त्याने विचारलं, "ताई, सकाळचं पाणी जातं कुठे, कळलं का हो?"

ताई पलंगाचा दांडा धरून उभ्या होत्या.

"माह्याकडं," त्या म्हणाल्या. "माह्याकडं येते सर."

त्याची आई काही न समजून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागली. पोराला मात्र समजलं. त्याने डोळे मिटले. मी कागद-पेन खिशात घातलं. त्या दिवशी जबाब घेतला नाही.

ताईंनी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि पदाचा राजीनामा दिला. खरं सगळं बाहेर आलं. कित्येक दिवस बाजारात मळेवाल्यांच्या टोपल्या भरलेल्या तशाच परत गेल्या. लोक संतापले, आणि त्यांचाही काही दोष नव्हता. मावशी आमच्या दारावर यायची थांबली. माझी बायको तेवढे दिवस मेथी या शब्दानेही गप्प व्हायची.

या प्रकरणाने मला शिकवलं ते सांगतो. गुन्हा लपवणारा माणूस कधीतरी सापडतो, कारण त्याला आपण काही लपवतोय हे माहीत असतं. लाज लपवणाऱ्याला ते माहीत नसतं. त्याला वाटतं आपण घर सांभाळतोय. एकाची लाज असली तर त्याचं एकट्याचं नुकसान होतं. सगळ्या गावाने मिळून एकच लाज झाकली, तर तिच्यात कोणीतरी परका माणूस बुडतो, ज्याने साधा प्रश्न विचारलेला असतो. तेव्हापासून कोणी "काहीच नाही साहेब" म्हणून हसलं, की मी आधी ते हसू कशाचं आहे हे पाहत असे.

काही महिन्यांनी सल्लागार परत आला. कुबडी घेऊन. कोणी त्याला सक्ती केली नव्हती. करार नव्याने करायचा होता, पुन्हा लोकांची सभा ठेवली. सभागृह तेच, मी दाराशी बंदोबस्ताला. या वेळी त्याने काही प्रस्तावना केली नाही. कुबडीवर भार देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मागच्याच सभेतला प्रश्न आहे. हे पाणी कोण वापरतं?"

ताई आता व्यासपीठावर नव्हत्या, मागच्या रांगेत मळेवाल्या बायांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. मग मावशीने. मग एकेक करत त्या सगळ्या रांगेने. करारात तिसरा पक्ष म्हणून मळेवाले आले ते त्या दिवशी. शुद्ध पाण्यातलं पहिलं पाणी त्यांच्या पाटाला, पाळीच्या जुन्याच क्रमाने, मग उरलेलं औद्योगिक वसाहतीला.

पण ते नंतर लिहिलं गेलं. त्या क्षणी तो अजून थांबलाच होता. सभागृहावरून नजर फिरवत त्याने विचारलं, "अजून कोणी?"

पुढच्या रांगांतले व्यापारी, मास्तर, वकील खाली बघत राहिले. बंदोबस्तावरच्या माणसाने सभेत भाग घ्यायचा नसतो, हा नियम मी शिपायांना नेहमी सांगायचो. या गावात बदलून आल्यापासून रोज मी त्याच पाण्याची मेथी खात होतो. मी दारातूनच हात वर केला.